बॉबिन बघून सूत

माझं मासेमारीचं रील आलं त्या दिवशी बाबा गच्चीवर पापडांची राखण करत बसले होते. हातात काठी, डोक्यावर ओला पंचा. मी खोकं घेऊन तशीच वर गेले, कारण नवी वस्तू आधी बाबांना दाखवायची ही आमच्या घरची जुनी रीत, मग ती वस्तू कुकर असो नाहीतर मोबाइल. त्यांनी रील हातात घेतलं, हँडल दोनदा फिरवलं, दोरी गुंडाळायचा स्पूल पुढे-मागे सरकतो तो चष्म्याखालून पाहिला आणि म्हणाले, "हे तर आपलं वाइंडिंगचं मशीन! एवढुसं कोणी केलं?"

बाबा इंदूरच्या एका कापड मिलमध्ये सत्तावीस वर्षं वाइंडिंग खात्यात होते. बॉबिनवरचं सूत कोनवर, म्हणजे शंकूच्या आकाराच्या नळीवर, घ्यायचं, तुटलं की गाठ मारायची, गाठ कापडात दिसणार नाही अशी मारायची. नव्वदच्या दशकात मिलचा भोंगा थांबला तेव्हा मी शाळेत होते. पुढे त्यांनी राजवाड्यामागच्या गल्लीत एका दोऱ्याच्या दुकानात नोकरी केली. नंदानगरच्या आमच्या घरात अजून कुणाच्याही साडीचा दोरा निघाला तर बाबा तो आधी दोन बोटांत धरून खेचून बघतात, मग कापतात.

माझा मासेमारीचा नाद उशिराचा, चाळिशी ओलांडल्यानंतरचा. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याबरोबर सहज म्हणून महूकडच्या एका तळ्यावर गेले आणि अडकले. गळाला मासा लागायच्या आधी मीच लागले म्हणा ना. तळं ठेक्यावर दिलेलं आहे, ठेकेदाराची परवानगी घ्यावी लागते आणि १६ जून ते १५ ऑगस्ट गळ घरीच ठेवावा लागतो. विणीचा काळ, मध्य प्रदेशात तेव्हा मासेमारीला बंदी असते. रोहू, कटला आणि इथले लोक ज्याला नरेन म्हणतात तो मृगळ, एवढीच आमची बिरादरी. बाडस, म्हणजे नर्मदेतला महासीर, हा राज्याचा मासा. त्याला मी फक्त घाटावरून नमस्कार केलेला आहे, आणि धरणांमागचं थांबलेलं पाणी त्याला मानवत नाही हे माहीत असल्यावर गळ काढावासाही वाटत नाही.

तर रील आलं, आता डोर हवी. रत्नागिरीकडची माझी मामेभावंडं तिला तंगूस म्हणतात. आम्ही इंदुरी माणसं पतंगाच्या हिशेबात वाढलेली, त्यामुळे आमच्यासाठी ती डोरच. दुकानात जाऊन मी सांगितलं, "भिया, सगळ्यात मजबूत द्या." माल घेताना बायका नेहमी विचारतात तसं, टिकेल ना? त्याने ०.४५ मिलिमीटरची नायलॉनची डोर काढून दिली. बारा किलोला तुटणार नाही म्हणाला. मला काय, बारा किलो म्हणजे घसघशीत वाटलं. घरी येऊन शंभर मीटरची अख्खी गुंडाळी मी रीलवर चढवली. शेवटी शेवटी डोर काठावरून फुगून वर आली होती, सणाच्या दिवशी पुरणपोळीतून पुरण बाहेर येतं तशी. मला तो भरलेपणा आवडला, उगाच कशाला खोटं सांगू.

तळ्यावर पहिलाच गळ फेकला आणि स्पूलवरून वीस-पंचवीस वेढे एकदम उतरले. गळ पडला चार हातांवर आणि माझ्या हातात चिमणीचं घरटं. ते सोडवताना दुपार गेली. दुसऱ्या फेकीला दुसरं घरटं. तिसरी फेक मी केलीच नाही.

घरटं पिशवीत घालून घरी आणलं. बाबांनी ते ताटात ठेवलं आणि स्वेटर विणायच्या सुईने तासभर सोडवत बसले. सूत फेकायचं नसतं, हा त्यांचा धर्म आहे. तासाभराने सुई खाली ठेवली आणि म्हणाले, "हे सूत नाही. हे वळण विसरतच नाही." मग रील मागितलं. स्पूलच्या कडेला बारीक अक्षरात आकडे छापलेले होते, डोरीची जाडी मिलिमीटरमध्ये आणि तशी डोर किती मीटर मावेल ते; मी ते आजवर वाचलेच नव्हते. ०.२५ – २६०. ०.३० – १८०. ०.३५ – १३०.

"तुझी कितीची?"

"पंचेचाळीस."

"ते यात आहे का?"

नव्हतं. बाबांनी कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान उलटं केलं. ०.३० गुणिले ०.३०, त्याला १८०ने गुणलं. १६.२ आले. ०.२५चा वर्ग गुणिले २६० केलं, तेही सोळाच्या जरा वर. ०.३५चंही तेच, सोळाच्या जरा खाली. पेन्सिल मागे-पुढे झाली, बाबांचा चेहरा मात्र उजळत गेला. स्पूलवर जागा तेवढीच. डोर जाड केली की लांबी नुसती कमी होत नाही, जाडीच्या वर्गाने कमी होते. जाडी दुप्पट तर लांबी पाव. मग ०.४५ला किती? १६.२ भागिले ०.२०२५. ऐंशी मीटर. मी चढवलेले शंभर.

"आपल्याकडे बदली कामगारालासुद्धा हे माहीत असायचं," बाबा म्हणाले. "आधी बॉबिन बघायची, मग सूत घ्यायचं. तू सूत घेऊन बॉबिनमध्ये कोंबून राहिलीस."

त्या वाक्याचा राग आला, कारण ते खरं होतं. पण मी एक बाजू मांडली. जाड डोर मजबूत असते की नाही? असते, आणि तिचंही गणित तेच. दोरीची ताकद तिच्या कापलेल्या तोंडाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे पुन्हा जाडीच्या वर्गावर. ०.३०ची साधारण साडेपाच किलो पेलत असेल तर ०.४५ची सव्वादोनपट, बारा किलोच्या आसपास. दुकानदार खोटं बोलला नव्हता. ज्या वर्गाने ताकद वाढते त्याच वर्गाने लांबी पडते, एवढंच त्याने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

मग मी ०.३०ची गुंडाळी आणली. पाकिटावर ताकद १२ पौंड, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास, आणि लांबी २०० यार्ड लिहिलेली. पौंड आणि यार्ड बघून बाबांना जुना मित्र भेटल्यासारखं झालं. त्यांच्या आयुष्याची मापं तीच. ८४० यार्डांचं एक हँक, एका पौंडात अशी जितकी हँक तितका सुताचा नंबर. म्हणून नंबर मोठा की सूत बारीक. मला शाळेत असताना हे उलटं वाटायचं. आता बघते तर मासेमारीच्या दुनियेत उलट-सुलट दोन्ही पद्धती नांदतात. नायलॉन मिलिमीटरमध्ये नाहीतर पौंडात मोजतात, आणि जपानी वेणीच्या, म्हणजे विणलेल्या, डोरीवर नुसते नंबर असतात, तिथे नंबर मोठा की डोर जाड. तो नंबर डेनियरवर ठरतो, एक नंबर म्हणजे दोनशे डेनियर. डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते इतकंच म्हणाले, "म्हणजे त्यांच्याकडेही मिलमधलीच माणसं बसली आहेत."

नवी डोर चढवताना मात्र एक कोडं पडलं. दोनशे यार्ड म्हणजे १८३ मीटर, ते स्पूलवर जेमतेम मावायला हवे होते. एकशेचाळीसच्या आसपासच स्पूल भरून गेला. मी म्हटलं, छापलेला आकडा चुकीचा असेल. बाबांनी पेन्सिल घेतली, तिच्यावर डोरीचे पन्नास वेढे अगदी खेटून, एकही एकावर एक न चढू देता गुंडाळले. म्हातारी बोटं, पण एक वेढा तिरका नाही. मग पट्टी लावली. पन्नास वेढे, ०.३०च्या हिशेबाने पंधरा मिलिमीटर व्हायला हवेत. झाले सतरा. म्हणजे डोर ०.३४ची. ०.३४चा वर्ग ०.११५६, १६.२ला त्याने भागा, एकशेचाळीस. रील खरं बोलत होतं, पाकीट नव्हतं. जास्तीच्या जाडीतून ताकद वाढवायची आणि वर बारीक म्हणून विकायची, ही युक्ती सुताच्या बाजारातही चालायची, असं बाबा म्हणाले, आणि त्यांना त्यात आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. तेव्हापासून मी पाकिटापेक्षा पेन्सिलीवर विश्वास ठेवते.

भरायचं कुठपर्यंत, हेही शिकले. काठाच्या आत काडेपेटीतल्या काडीच्या जाडीएवढी जागा सोडायची. त्याहून जास्त भरलं की घरटी. कमी भरलं की डोर स्पूलच्या काठावर घासत निघते आणि गळ दूर जात नाही. पुरेपूर भरण्याचा माझा हव्यास काडीने सुटला.

हे रील कोणी केलं, हा बाबांचा पहिल्या दिवशीचा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला होता. शोधलं, आणि उत्तर वाचून खुर्चीत सरळ बसले. ज्या रीलचा स्पूल फेकताना फिरत नाही, डोर त्याच्या टोकावरून वेढा-वेढ्याने निघून जाते, त्या रीलचं पेटंट १९०५ साली आल्फ्रेड इलिंगवर्थ या इंग्रजाने घेतलं. हा गृहस्थ ब्रॅडफर्डचा, लोकरीच्या मिलवाल्यांपैकी. जड स्पूल फिरवून डोर काढण्यापेक्षा स्पूल जागच्या जागी ठेवावा आणि धागा टोकावरून काढावा, ही मिलच्या खात्यातली रोजची गोष्ट त्याने नदीवर नेली. बाबांना मोबाइलवर वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. नंतर आठवडाभर घरी येईल त्याला ते सांगत होते, दूधवाल्यालासुद्धा.

नायलॉनही कापडवाल्यांच्याच घरचं. ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्सने १९३५ला ते केलं, १९३८ला पहिल्यांदा बाजारात आलं ते टूथब्रशचे केस होऊन, आणि १९४०ला बायकांचे मोजे होऊन. गळाची डोर त्याच सुमाराची. त्याआधी रेशीम, घोड्याचे केस आणि रेशीमकिड्याच्या पोटातून काढलेली तात. ओलं नायलॉन कोरड्यापेक्षा थोडं कमी पेलतं, म्हणून विक्रमांच्या नोंदींसाठी डोरीची ताकद ओली करून मोजतात. मिलमध्ये हवेत मुद्दाम ओल ठेवायचे, कारण कापसाचं सूत ओलाव्याने बळकट होतं. या मुद्द्यावर आमची दोन दिवस तू-तू मैं-मैं चालली. शेवटी दोघांचंही बरोबर आहे, धागे वेगळे आहेत, असं ठरलं.

बाबा सगळंच जाणतात असं चित्र मला उभं करायचं नाही. वेणीची डोर आणली तेव्हा ते हरले. ही पॉलिएथिलीनच्या तंतूंची विणलेली असते; त्याच ताकदीच्या नायलॉनपेक्षा कितीतरी बारीक, आणि ताणली तरी जवळजवळ लांबत नाही. नायलॉन तुटायच्या आधी पाचव्या हिश्शाने किंवा त्याहून जास्त लांबतं. वेणी बारीक म्हणजे स्पूलवर ढीगभर मावणार, आणि एवढी महागाची डोर ढीगभर कोण घेतं? म्हणून खाली जुनं नायलॉन भरायचं, वर वेणी. दुसरं कारण असं, की वेणी गुळगुळीत स्पूलवर थेट बांधली तर पकडच घेत नाही, अख्खा गठ्ठा स्पूलभोवती गरागरा फिरतो. माझा फिरला. ड्रॅग, म्हणजे स्पूलचा ब्रेक, कितीही आवळा, मासा नेतोय तो नेतोय. त्या दिवशी मला वाटलं रील मोडलं.

खाली किती नायलॉन, वर किती वेणी, हे ठरवायला बाबांनी वर्गाचं गणित मांडायला सुरुवात केली आणि मग स्वतःच खोडून टाकलं. रीलबरोबर एक जास्तीचा स्पूल आला होता. त्यावर आधी वेणी चढव, म्हणाले, सगळी. वरून नायलॉन भर, काडीएवढी जागा उरेपर्यंत. तिथे काप. आता हे सगळं दुसऱ्या स्पूलवर उलटं घे. नायलॉन आपोआप खाली गेलं, वेणी वर आली, आणि काडीची जागा बरोब्बर उरली. गणित नको, मोजपट्टी नको. मी अवाक.

पण दोन्ही डोरींची गाठ मारायला त्यांनी हात पुढे केला आणि विणकराची गाठ मारली. मिलमध्ये पाळीला शेकड्याने मारायचे ती, डोळे मिटून. मी दोन्ही टोकं धरून ओढली. गाठ शांतपणे सरकली आणि सुटली. त्यांनी पुन्हा मारली, थुंकी लावून. पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा त्यांनी टोकं जरा लांब ठेवली. मी या वेळी हळूच ओढली, तरी सुटली. कापसाला केस असतात, एकमेकांना धरून राहतात; हे दोन्ही काचेसारखे. बाबा काही बोलले नाहीत, हात पंच्याला पुसले. मग मी मोबाइलवरून शिकलेली गाठ मारली, दोन्ही बाजूंना पाच-सहा वेढे घेऊन, ओली करून, हळूहळू आवळून. कोरडी आवळली तर घर्षणाने तापते आणि नायलॉन तिथेच कच्चं होतं. "दाखव," म्हणाले. तीनदा दाखवली. चौथ्यांदा त्यांची माझ्यापेक्षा सुबक आली, आणि मला का कोण जाणे फार बरं वाटलं.

राहिला ड्रॅग. मासा जोरात ओढायला लागला की स्पूल थोडा सुटा होऊन डोर देतो, ती सोय. साडेपाच किलोच्या डोरीवर आठ किलोचा कटला कसा येतो, याचं उत्तर तिच्यात आहे. पाण्यात माशाला वजन जवळजवळ नसतंच, असते ती त्याची ओढ, आणि ती किती सोसायची हे ड्रॅग ठरवतो. साधारण डोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा. बोटांच्या अंदाजाने मी लावायचे. बाबांनी खालून जाणाऱ्या रद्दीवाल्याला हाक मारली, त्याचा लटकता काटा पाच मिनिटांसाठी मागून घेतला आणि डोरीच्या फासात अडकवला. मी रॉड धरला, त्यांनी काटा ओढला. डोर सरकायला लागली तेव्हा काटा दीड किलोवर. ठीक.

मग त्यांनी विचारलं, "आणि मासा शंभर मीटर घेऊन गेल्यावर?"

मी म्हटलं, ड्रॅग तोच, ओढ तीच.

ते हसले. गच्चीच्या दोन टोकांच्या खिळ्यांवर आम्ही फेऱ्या घालून शंभर मीटर डोर काढली, रद्दीवाला हातगाडी सोडून वर येऊन बघत उभा. ड्रॅगला हात लावला नव्हता. काटा ओढला. एक किलो आठशे.

स्पूल बारीक होतो. भरलेला असताना सेहेचाळीस मिलिमीटर, शेवटी उरतो तीस. फिरवायला लागणारा जोर तोच, पण आता तो आखूड हाताने फिरवावा लागतो, म्हणून डोरीवर ताण वाढतो. अगदी शेवटच्या वेढ्यांना दीडपट. म्हणजे मासा जितका दूर, डोर जितकी कमी उरलेली, तितकी ती जास्त ताणलेली, आणि नेमकं तेव्हाच घाबरून आपण ड्रॅग आणखी आवळतो. मी दोन मासे असेच घालवले होते आणि डोरीला शिव्या दिल्या होत्या. "कोन भरतानाही असंच," बाबा म्हणाले. "रिकाम्यावर आणि भरल्यावर ताण एक नसतो. त्यासाठीच तर माणूस उभा करायचे."

रद्दीवाल्याने काट्याचं भाडं घेतलं नाही. जुनी कॅलेंडरं मात्र घेऊन गेला, गणित केलेली पानं धरून.

मार्गशीर्षात बाबा पहिल्यांदा तळ्यावर आले. आईने डब्यात पोहे दिले आणि गुरुवार आहे, मासा घरात आणायचा नाही, असं बजावलं. आम्ही तसेही सोडून देतो. बाबा घडीच्या खुर्चीत मफलर गुंडाळून बसले. पेंड आणि भाजलेल्या बेसनाचा गोळा मी गळाला लावला, फेकला, आणि गळ जिथे पडावा वाटत होतं तिथे पडला. अकराच्या सुमाराला रील वाजलं. ड्रॅगचा तो करकर आवाज, आधी तुटक, मग सलग. बाबा खुर्चीच्या पुढच्या काठावर आले. "चालू झालं खातं," म्हणाले.

कटला होता. डोर नेत राहिला, स्पूल उतरत गेला, आणि मी मनातल्या मनात काटा बघत होते, दीड, एक सहाशे, एक सातशे. ड्रॅग दोन खटके ढिला केला. मासा थांबला. मग मी घेत गेले, तो पुन्हा नेत गेला, असं चार वेळा. काठाशी आला तेव्हा पाणी गढूळ झालं, त्यात त्याचं मोठं तोंड दिसलं, आणि मी ओल्या हातांनी गळ काढून त्याला सोडलं. बाबांनी त्याच्याकडे फारसं पाहिलं नाही. त्यांचं लक्ष रीलवर होतं.

"आण इकडे."

मी रॉड दिला. गळाचं टोक काठावरच्या दगडाखाली ठेवून त्यांनी वीसेक पावलं मागे जाऊन डोर काढली, आणि हँडल हळू फिरवत परत घ्यायला लागले, दोन बोटांत ओली डोर धरून. सत्तावीस वर्षं धरली तशी, चिमटीत, डोळे दुसरीकडेच. मध्येच थांबले. एक वीत मागे गेले. तिथे पुन्हा थांबले.

"इथे कच्ची आहे. दगडाला घासली असेल."

मी बघितलं. मला काही दिसलं नाही. नख फिरवलं तेव्हा लागलं, तांदळाच्या कणीएवढं खरखरीत. मी तिथून पुढचे चार मीटर कापले, गुंडाळी करून जॅकेटच्या खिशात घातली, कारण तळ्यावर बगळ्यांच्या पायात असे तुकडे अडकलेले बघितले आहेत. बाबांनी टोक माझ्याकडे केलं आणि नव्या गळासाठी दुसरा हात पुढे केला.